खुणेचा पेला

पांडुरंगा,

आज हरिपाठ राहू दे. दिवा लावलाय, तुळशीपुढंही एक ठेवलाय, तेवढ्यावर भागव. आज मला तुला एक गोष्ट सांगायचीय. पोथीतली नाही. पुण्याहून भाचीनं पाठवलेल्या इंग्रजी पुस्तकातली आहे. ती सांगता सांगता मला एका लेकरापाशी यायचंय, ज्याचं नाव मी वीसेक वर्षांत तुझ्यासमोर घेतलेलं नाही.

पुस्तकाचं नाव 'द हाऊस इन द सेरुलियन सी'. निळ्याशार समुद्रातलं घर म्हण. टी. जे. क्लून नावाच्या अमेरिकन लेखकानं लिहिलेली कादंबरी, २०२० साली आलेली. मी जन्मभर तिसरी-चौथीला मराठी शिकवलं, त्यामुळं हे वाचायला मला एक शब्दकोश आणि दोन महिने लागले. पण सगळं वाचलं. काही पानं दोनदा वाचली.

लायनस बेकर नावाचा चाळिशीचा एक सरकारी कर्मचारी आहे त्यात. अनाथालयं तपासायची, नियमांच्या जाड पुस्तकाशी ताडून पाहायचं, अहवाल लिहायचा आणि पुढच्या गावाला निघायचं, एवढंच त्याचं काम. एकटा जीव, घरात एक मांजर. वरचे साहेब त्याला महिनाभरासाठी एका बेटावर धाडतात. तिथं सहा मुलं राहतात आणि त्यांना सांभाळणारे आर्थर पार्नासस नावाचे एक गृहस्थ. मुलं साधी नव्हेत. एक दाढीवाली ठेंगणी मुलगी, दिवसभर बागेत राबणारी. एक वनदेवतांच्या कुळातली पोर. एक पंखवालं चिमुकलं जनावर, जे बटणं गोळा करून कोचाखाली लपवतं. एक हिरवं, लिबलिबीत, कशाचं झालंय ते कुणालाच न कळलेलं पोर. एक थोराड मुलगा, जो भ्याला की एवढंसं कुत्रं होऊन बसतो. आणि सहावा, सहा वर्षांचा, साक्षात सैतानाचा मुलगा.

त्या हिरव्या पोराची गोष्ट तुला सांगते. त्याला कुणी तरी लहानपणी सांगितलेलं असतं, की तू राक्षस आहेस आणि राक्षस लोकांच्या पलंगाखाली लपून त्यांना भिववतात. म्हणून ते बिचारं लपायचं. त्याला कुणाला भिववायचं नव्हतं; त्याला मोठेपणी हॉटेलात पाहुण्यांच्या बॅगा उचलायचं काम करायचं होतं. पण आपण राक्षस असू, तर राक्षसानं करायचं ते केलं पाहिजे, असं त्याला वाटलं. विठ्ठला, हे पान वाचलं आणि पुस्तक मिटून मी ओसरीवर जाऊन बसले. लेकराला आपण जे म्हणतो ते, ते बिनतक्रार होऊन दाखवतं. तीस वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई मी, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

आणि तो सैतानाचा पोरगा. सगळी भीती त्याच्या बापाच्या नावाची. त्यानं काय केलंय हे कुणी विचारत नाही. तो कुणाचा, एवढ्यावर सगळे अहवाल.

हे काही तुला नवं नाही. तुझ्याच घरची गोष्ट आहे. आळंदीची चार भावंडं. बापानं संन्यास घेतला, गुरूच्या सांगण्यावरून तो परत संसारात आला, आणि ठपका कुणावर बसला? निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई. संन्याशाची पोरं. आईबाप प्रायश्चित्त घेऊन गेले तरी ठपका राहिला, आणि त्या पोरक्या लेकरांना आमच्या या मराठवाड्यातल्या पैठणला जावं लागलं, शुद्धिपत्र मागायला. लेकरांनी शुद्धिपत्र मागायचं! लायनस बेकरच्या हातातल्या कागदांकडं पाहताना मला सारखी ती पैठणची सभा दिसत होती. आपल्या लोकांनी त्या चौघांच्या गोष्टीत किती अद्भुत भरलंय बघ. रेडा वेद म्हणतो, पाठीवर मांडे भाजले जातात, भिंत चालते, आणि वाघावर बसून आलेला, हातात सापाचा चाबूक धरणारा तो म्हातारा चांगदेव शेवटी एवढ्याशा मुक्ताईला गुरू करतो. लहानपणी मी ती चमत्कारांसाठी ऐकायची. आता वाटतं, चमत्कार लोकांनी त्यात घातले ते त्या चौघांना कुठं तरी जागा मिळावी म्हणून. साध्या माणसांच्या जगात ज्यांना कुणी ओसरीवर घेत नव्हतं, त्यांच्यासाठी भिंत हलवावी लागली.

आणि तुझी जनी. इथून फार लांबची नाही, गंगाखेडची, गोदेकाठची. पोरवयात दामाशेटींच्या घरी आली, रक्ताचं कुणी नसलेल्या घरात. त्या घरची होऊन राहिली, आणि नाव घेताना नामयाची म्हणूनच घेत राहिली. तू तिच्या जात्याला हात लावलास, शेण्या वेचल्यास, असं आमच्या बाया अजून सांगतात. या बाबतीत मी तुला मानते. तू नुसता आशीर्वाद देऊन मोकळा झाला नाहीस, कामाला बसलास.

पण एक बोलू? तुझंही दार फार दिवस बंद होतं. चोखोबा बाहेर उभा राहिला आणि बाहेरच राहिला. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात प्राण पणाला लावून उपाशी बसले, तेव्हा कुठं ते दार सगळ्यांना उघडलं. दार तू लावलं नव्हतंस, हे मला कळतं. तरी तू आत होतास आणि ते बाहेर होते. म्हणून आज मी जे कबूल करणार आहे, ते तुला समजेल असं वाटतं. आत असणाऱ्याला काय वाटत असेल, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?

१९९३ चं आधी आठवू दे. ३० सप्टेंबर. अनंत चतुर्दशीला गणपती पोचवून लोक दमून झोपले होते, आणि पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारीची जमीन हलली. आमच्या देगलुरातही भांडी वाजली, पत्रे थरथरले, आम्ही सगळे रस्त्यावर. तिकडं लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत गावंच्या गावं दगडमातीखाली गेली, दहा हजारांच्या आसपास माणसं. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची. आमच्या गल्लीतून भाकऱ्यांच्या चवडी बांधून गेल्या, धान्य गेलं, नवीकोरी लुगडी गेली. आणि पोरक्या लेकरांसाठी तर साऱ्या महाराष्ट्राच्या पोटात कालवलं. शांतिलाल मुथांच्या भारतीय जैन संघटनेनं बाराशे मुलं पुण्याजवळ वाघोलीला नेली, राहायची-शिकायची सोय केली. नळदुर्गला राष्ट्र सेवा दलाच्या माणसांनी, पन्नालाल सुराणांनी, 'आपलं घर' उभं केलं. त्याचं नावच 'आपलं घर' आहे, देवा. मी माझ्या वर्गातल्या पोरांकडून पत्रं लिहून घेतली होती त्या मुलांना. गल्लीतल्या बायांनी मला विचारलं होतं, एखादी पोर आपल्याला मिळेल का गं सांभाळायला? मीही मनातल्या मनात एक पोर मागितली होती. तुला आठवत असेल.

मग दहा वर्षांत असं काय झालं?

२००३ सालचा जून. तिसरीच्या वर्गात एक मुलगा आला, आजोळी राहायला आलेला. बाप दोन वर्षांपूर्वी गेला, माय त्या उन्हाळ्यात. गावात एक शब्द कुजबुजत फिरत होता, कुणी नीट उच्चारतही नव्हतं. 'तो रोग.' चार दिवसांत पालक आले. आमच्या लेकरांजवळ बसवू नका. काहींनी पोरं घरीच ठेवली. मी कुणाशी भांडले नाही. मी त्याला दाराजवळ बसवलं, शेवटच्या पट्टीवर, एकट्याला. आणि रांजणापाशी त्याच्यासाठी वेगळा पेला ठेवला. स्टीलचा, माझ्या घरून आणलेला. इतर पेल्यांत मिसळू नये म्हणून त्याच्या बुडाला खिळ्यानं फुली कोरली.

मला कुणी सांगितलं नव्हतं तसं करायला. कुठलं परिपत्रक नव्हतं, साहेबांचा हुकूम नव्हता. एका रविवारी दुपारी घरात बसून, हातोडी घेऊन, मी माझ्या हातानं ती फुली मारली. स्पर्शानं, एका ताटात जेवल्यानं, एका पेल्यानं पाणी प्यायल्यानं हा विषाणू जात नाही, हे तेव्हाही छापून येत होतं. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर रंगवलेलं होतं. मला वाचता येत होतं, पांडुरंगा. मी वाचायला शिकवत होते.

आता पुढचं ऐक, कारण हेच मला तुला सांगायचंय. त्या लेकराला वाटलं, बाईंनी आपल्याला पेला दिला. आपला एकट्याचा. तो रोज तो राखेनं घासायचा, लखलखीत करायचा, दप्तरात घालून घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा. एकदा मधल्या सुट्टीत तो पेला उपडा करून माझ्याकडं आला. फुलीवर बोट ठेवून म्हणाला, "बाई, ह्ये माझं नाव लिवलंय का?"

मी हो म्हणाले.

दिवाळीच्या सुट्टीला शाळा सुटली तेव्हा त्यानं पेला माझ्या टेबलावर ठेवला. "मामासंगं गावाला चाललोय, हरवल म्हून ठिवा." सुट्टी संपली. तो आला नाही. मामानं त्याला कुठं नेलं ते आजोळच्यांनी धड सांगितलं नाही आणि मी धड विचारलं नाही. पुढच्या वर्षी, १ एप्रिल २००४ पासून, या आजाराची औषधं सरकारनं फुकट द्यायला सुरुवात केली, आधी मोजक्याच मोठ्या दवाखान्यांत. मी त्या महिन्यांचा हिशेब किती वेळा केलाय. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. एवढ्या पाच महिन्यांत आठ वर्षांचं लेकरू तग धरतं का? आणि धरला तरी त्याला तिथपर्यंत नेणारं कुणी होतं का? ते तुलाच ठाऊक. मी विचारणार नाही. विचारायचा हक्क मी त्या नोव्हेंबरात घालवला. एवढंच मागते, की तो कुठंही असो, तुझ्याकडं असो की एखाद्या शहरात तिशीचा बाप्या होऊन कामाला जात असो, त्या फुलीचा खरा अर्थ त्याला कुणी सांगितलेला नसू दे. त्याचं नावच होतं ते, असंच त्याला वाटत राहू दे.

किल्लारीच्या लेकरांसाठी रडलेली बाई मीच होते ना रे? मग माझे दोन हात झाले कसे? मी खूप विचार केलाय. भूकंपानं पोरकं केलेल्या लेकराच्या आईबापाचा काही दोष नव्हता, असं आम्ही धरून चाललो. या लेकराच्या आईबापांविषयी आम्ही आधीच निकाल देऊन बसलो होतो. पोरक्या लेकराला दारात उभं करून आम्ही विचारत होतो, तुझे आईबाप मेले कशानं? आणि उत्तर ऐकून मग भाकरी द्यायची की नाही ते ठरवत होतो. पैठणच्या सभेत मी बसले होते, विठ्ठला. पुढच्याच रांगेत.

तेव्हाच दुसरीकडं माणसं वेगळं वागत होती, हे कळून लाज आणखी वाढते. तुझ्याच पंढरपुरात मंगलताई शहांनी 'पालवी' सुरू केली होती, असल्याच लेकरांसाठी. पुढं लातूर जिल्ह्यातल्या हासेगावला रवी बापटले यांनी 'सेवालय' काढलं. बीडकडं बारगजे पतिपत्नींनी 'इन्फंट इंडिया' चालवलं. हासेगावच्या मुलांना गावच्या शाळेत बसवायलाही विरोध झाला होता. बातम्या मी वाचल्या होत्या, पेपर घडी करून ठेवून दिला होता. ती मुलं मोठी झाली, शिकली, त्यांचा गाण्यानाचण्याचा संच गावोगाव फिरू लागला, काहींची लग्नं लागली. जी वर्षही काढणार नाहीत असं लोक म्हणायचे, त्यांच्या डोक्यावर अक्षता पडल्या. या माणसांना बळ दे म्हणून मी तुला सांगायला नको, तू तिथंच शेण्या वेचत असशील. त्यांच्या गोदामात तांदूळ असू दे, औषधाची खेप चुकू देऊ नको, आणि रात्री-अपरात्री ताप चढलेल्या लेकराजवळ जागणाऱ्या बायांच्या कमरेला आराम दे.

पुस्तकातला लायनस काय करतो ते सांगायचं राहिलं. तो फार काही करत नाही. म्हणून तर ते खरं वाटतं. त्या थोराड मुलाची, सॅलची, लिहायची जागा एका कपाटासारख्या कोंदट खोलीत असते, कारण फार ठिकाणांहून हाकललेल्या पोराला लहान जागेत सुरक्षित वाटतं. लायनस त्याला विचारतो, टेबल खिडकीपाशी नेलं तर? आणि पोराची तयारी झाल्यावर ते नेतात. एवढंच. एक टेबल सरकतं. मी त्या पानावर खूप वेळ थांबले. माझ्या वर्गातही खिडकी होती. तिथून चिंच दिसायची. तिसरीच्या पोरांत त्या जागेवरून भांडणं व्हायची.

लायनसच्या अहवालात शेवटी काय येतं, ते तू वाच कधी तरी. महिना संपल्यावर तो शहरात परततो, पावसात, आपल्या कचेरीत. आणि मग त्याला तिथं राहवत नाही.

आता एका मुलीबद्दल. तिलाही तोच आजार आहे. तिचं नाव मी तुझ्यापाशीही मोठ्यानं घेत नाही. २०१७ चा कायदा आहे, तिच्या आजाराची गोष्ट तिच्या संमतीशिवाय कुणी कुणाला सांगायची नाही, आणि शाळेतून, दवाखान्यातून, कामावरून या कारणानं कुणाला हाकलायचं नाही. कायदा नसता तरी नाव घेतलं नसतं. आमच्या बोळाच्या टोकाला तिची आजी दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहिलीय. आजी जुक्कलकडची. जुक्कल आणि बिचकुंदा पूर्वी आमच्याच देगलूर तालुक्यात होते. १९५६ साली राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या तेव्हा ते तेलुगू भागात गेले, आम्ही इकडं राहिलो. रेघ कागदावर ओढली, नाती दोन्हीकडं राहिली. आजी पोरीला तेलुगूत हाक मारते, "रा बिड्डा", शेजारणीशी मराठीत बोलते, दूधवाल्याशी दख्खनीत. या गावात कुणाची भाषा कुठली असं विचारायची पद्धत नाही. हे गाव इतकं मोठ्या मनाचं होतं आणि आहे, आणि त्याच गावात मी ती फुली मारली.

आजी एकदा गोळ्यांच्या डबीवरचं वाचून घ्यायला आली. दारातच उभी राहिली, उंबऱ्याबाहेर, आणि मी वाचेपर्यंत माझ्या चेहऱ्याकडं पाहत राहिली. ती काय शोधत होती ते मला कळलं. मी तिला आत बस म्हणाले. ती म्हणाली, "नको माय, हितंच बरं." मी पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा ती आली. तेवढ्या तीन वेळा म्हणायचं बळ तू मला दिलंस, त्याबद्दल मी तुझे पाय धरते, कारण २००३ साली मी एकदाही म्हणाले नव्हते.

तेव्हापासून पोर रोज संध्याकाळी येते. मी तिला तीच समुद्रातल्या घराची गोष्ट सांगते, रोज चार-पाच पानं, माझ्या बोलीत करून. दाढीवाल्या ठेंगणीला ती 'बागवाली' म्हणते. बटणं गोळा करणारा तिचा सगळ्यात लाडका. माझ्या शिवणाच्या डब्यातली सगळी बटणं तिनं रंगांप्रमाणं लावून ठेवलीत आणि एक पितळी बटण माझी परवानगी काढून नेलं. काल तिनं विचारलं, "तो साहेब परत जाईल ना? महिना झाला की?" मी म्हणाले, उद्या सांगते. ती म्हणाली, "जाऊ दे. पण मग परत यायला पाहिजे." अकरा वर्षांची पोर. कोण कोण तिला सोडून गेलं ते ती मोजत नाही. कोण परत आलं तेवढं मोजते.

आठ वाजता तिच्या आजीच्या मोबाइलचा गजर होतो. फोन पोर सोबतच आणते. रोज, त्याच वेळी, चुकवायची नाही. ही गोळी नेमानं घेतली तर विषाणू इतका दबून राहतो की रक्तात मोजता येत नाही, आणि चुकवली तर तो औषधालाच सोकावतो. देवा, तिच्या आठ वाजण्यावर तुझी नजर असू दे. परीक्षेच्या दिवशी, लग्नघरात, प्रवासात, रागावलेली असताना, पुढं तरुणपणी कंटाळून 'कशाला रोज रोज' म्हणेल तेव्हा. तेव्हा तर नक्की. आणि ज्या आया आज या तालुक्यात पोटुशी आहेत, ऊसतोडीवर आहेत, वीटभट्टीवर आहेत, त्यांची तपासणी वेळेवर होऊ दे. औषध नसेल तर हा आजार असलेल्या शंभर आयांपैकी पंधरा ते पंचेचाळीस जणींचा आजार लेकराला जातो. वेळेत औषध मिळालं तर पाचांपेक्षाही कमी. एवढं सोपं होतं ते. त्या मुलाच्या मायला, या पोरीच्या मायला कुणी वेळेत सांगितलं नाही. दवाखान्यात रांगेत उभ्या असलेल्या बाईशी तिथली माणसं नीट बोलोत. ती परत येईल असं बोलोत.

आमच्या गुंडा महाराजांच्या परंपरेत चक्रीभजन आहे, तू किती वेळा पाहिलं असशील. टाळ घेऊन फेर धरतात, नाचतात, गातात. मी लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून पाहायची. त्या फेरात दाराजवळची जागा नसते. फिरता फिरता जो दाराशी असतो तो तुझ्यासमोर येतो, जो तुझ्यासमोर असतो तो दाराशी जातो. आजोबांनी मला हे सांगितलं नव्हतं. आत्ता, बोलता बोलता सुचलं. मला त्या फेरात दाराशी ठेव थोडे दिवस. माझी तक्रार नाही.

तो पेला मी टाकला नाही. शाळेत ठेवला नाही, कुणाला दिला नाही. त्या वर्षीपासून घरात मी त्यातूनच पाणी पिते. पाहुण्यांत बसले तरी त्यातूनच. आमच्या यजमानांनी एकदा विचारलं होतं, हा पोचे आलेला कशाला, नवे आहेत की. मी काहीच बोलले नाही, आणि ते गेले तरी त्यांना सांगितलं नाही. सुनेला माहीत नाही. तुला माहीत होतं, पण मी सांगितलेलं नव्हतं.

परवा पोरीचा गजर वाजला तेव्हा मी आत दिव्यात तेल घालत होते. ती आपली आपण उठली, माठापाशी गेली, फळीवरचे पाच-सहा पेले सोडून नेमका तोच घेतला. हाताशी होता म्हणून असेल. गोळी घेतली, पाणी प्याली, आणि उपडा घालताना बुडाकडं पाहून म्हणाली, "आजी, ह्याच्यावर काय हाय?"

मी म्हणाले, माझ्या एका मुलाचं नाव आहे.

"कुठंय तो?"

मला उत्तर देता आलं नाही. ती थोडा वेळ थांबली, मग पेला नेहमीच्या जागी ठेवून गोष्ट ऐकायला येऊन बसली. दोन दिवस मी त्या प्रश्नापाशी अडकले आहे. तिला मी काय सांगू, पांडुरंगा? मुलगा म्हणायचा मला अधिकार नाही. पण शब्द तोंडातून गेला, आणि परत घ्यावासा वाटला नाही. मी तिला खरं सांगणार आहे. आज नाही, गोष्ट संपल्यावर. लायनस परत येतो त्या पानानंतर. ती कदाचित यायची बंद होईल. तिची आजी पुन्हा उंबऱ्याबाहेर उभी राहील. तसं झालं तर मी बोळाच्या टोकापर्यंत चालत जाईन आणि तीन वेळा म्हणेन. त्या वेळी तू माझ्यासोबत चल. गुडघे दुखतात, आणि बोळात दिवे नाहीत.

पावणेआठ झाले. चपला वाजल्या बघ दारात. पुस्तक कुठं ठेवलं मी? देव्हाऱ्याशीच आहे, तुझ्या पायापाशी. दे इकडं.